खाली

मला तंबोरा धरायला कुणी दिला नाही.
दंडाला पिवळी फीत दिली
आणि जाजमांमधली एक पट्टी,
साडेतीन हात रुंद, मंचापासून
मागच्या दारापर्यंत.
"ही मोकळी ठेवायची. रात्रभर. बस."
एवढं बोलून शितोळेसर
वाळूच्या बादल्या मोजायला गेले.

नऊलाच धुक्यानं किल्ला पुसून टाकला,
वर नुसते दिवे राहिले, कशालाच न टेकलेले.
खाली मैदानात लष्कर, मुरार, हजिरा,
सगळं ग्वाल्हेर रजया घेऊन आलेलं,
सोबत गजक, भुईमूग, ताकीद देऊन आणलेली पोरं.

आधी एक चप्पल येते पट्टीत.
मग तिचा मालक.
मग थर्मास, मेव्हणी, मेव्हणीचं उशीएवढं बाळ.
"बेटी, दो मिनट."
ही दोन मिनिटं विलंबितातली,
हे मला दहा वाजेपर्यंत कळलं होतं.

रामस्नेही तंबूवाला तारांवर गोणपाट अंथरत होता,
कुणी अडखळू नये म्हणून, गुडघ्यांवर, मंचाकडे पाठ करून.
कनातीजवळ सिगडी पेटवणाऱ्यांना त्यानं
जोडीदाराच्या भांडणात बोलावं तसं हळू आवाजात
बाहेर नेलं.
भोंग्यासमोर बसलेल्या बापाला मी
फक्त बाळाचे कान दाखवले.
त्यानं मफलर गुंडाळला, मग उठलाच,
चौथ्या खांबापाशी गेला.
पोरांच्या मनगटांवर मी फोन नंबर लिहिले बॉलपेननं.
पाच वर्षांची असताना मेळ्यात हरवले होते,
शिपायाला पत्ता सांगितला होता:
"आमचं दार निळं आहे."

एक शालवाले मात्र हलेनात.
"चाळीस वर्षं येतोय. सुरांना कसली रांग?"
मला उत्तर सुचलं नाही.
तबला दोनच वर्षं शिकले, सोडला,
एवढं आठवतं की नवव्या मात्रेवर टाळी नसते,
हात उलटा धरायचा हवेत, रिकामा,
आणि तो चुकला तर समेवर सगळे पडतात.
हे काही मी त्यांना बोलले नाही.
नुसती उभी राहिले शेजारी.
एक बंदिश संपली, टाळ्या झाल्या,
तेव्हा ते उठले, पुटपुटत.

तीनच्या सुमारास बाई मंद्रात उतरल्या होत्या.
पाचव्या रांगेत हात वर झाला.
तो दाद देणारा नव्हता.
मोहरी रंगाचा स्वेटर, मान एका बाजूला कललेली,
मुलगा नुसता "आई, आई" म्हणतोय, तेही कुजबुजत,
मैफल मोडू नये म्हणून!
मी शिट्टी वाजवली नाही, कंदील दोनदा हलवला.
चौघं स्ट्रेचर घेऊन आले, पट्टीतून, सरळ,
वाटेत कुणाचा थर्मास नाही, कुणाची झोप नाही.
शेजारच्या मुलीनं फोन काढला,
माझ्याकडे पाहिलं,
आणि त्याचा उजेड उचलणाऱ्यांच्या पायांवर धरला.
बाईंनी वरून पाहिलं असावं.
षड्ज लावला आणि तसाच ठेवला,
कुणी जाईपर्यंत दार धरून उभं राहावं तसा.

चार मिनिटं. मागच्या अर्ध्या मैदानाला
काही घडल्याचं कळलंही नाही.

सकाळी अभिप्रायाच्या वहीत, वळणदार अक्षरात:
"मधली जागा वाया गेली.
आणखी शंभर श्रोते सहज बसले असते."
शितोळेसरांनी वाचलं, चहात टोस्ट बुडवला,
पान उलटलं.

आठला फोन आला. मुलगा होता.
"साखर उतरली होती. आता बोलतेय.
विचारतेय, डाव्या पायाची चप्पल सापडली का,
तपकिरी, अंगठ्याची."
जाजमं गुंडाळणाऱ्या रामस्नेहीला हाक मारली,
"थांब जरा."
टरफलं, तिकिटं, एक हातमोजा, दवानं ओलं मैदान,
आणि मधली स्वच्छ पट्टी.
तिच्यात, मागच्या दाराकडे तोंड करून,
एकटी चप्पल.