घोडा उतरवताना

सारंगखेड्याच्या यात्रेत, बंदोबस्ताच्या चौथ्या रात्री
एका पंचकल्याणी घोडीच्या सौद्यावरून
दोन तंबू एकमेकांवर धावून आले.
एकाच्या हातात कोयता.
मी पिस्तूल काढलं, अंगठ्यानं घोडा मागे ओढला.
एवढुसा तो कट् आवाज
खिंकाळणाऱ्या शंभर जनावरांतूनही
त्याला नेमका ऐकू गेला.
कोयता मातीत पडला.

गर्दी पांगली. कुणी चहा सांगितला.
कुणी म्हणालं, गिरासे मॅडम, मिटलं बघा.
त्यांचं मिटलं होतं.
माझ्या मुठीत घोडा अजून
मागच्या पायांवर उभा,
आणि त्याच्यापुढे, अंधाऱ्या घरात, एक गोळी
जिला कुणीच सांगितलं नव्हतं, मिटलं म्हणून.

बोट चापावरून केव्हाच बाहेर आलेलं,
चौकटीवर सरळ, पट्टीसारखं.
पण नळी कुठे धरू?
समोर मारवाडातले व्यापारी, चुलीशी बसलेले.
उजवीकडे पाळणेवाल्याची पोरं, एका गोधडीत चार.
डावीकडे तापी, आणि पाण्यावर कुणाचा तरी कंदील
हळूहळू अलीकडे येणारा.
वर आभाळ. पण वर गेलेलं
कुणाच्या तरी पत्र्यावर उतरतंच.
यात्रेत एवढी माणसं आहेत
हे मला त्या मिनिटापर्यंत माहीत नव्हतं.

धुळ्याच्या शस्त्रागारात हिलाल उस्ताद
दाराशी पांझरेच्या वाळूची बादली ठेवायचे.
नव्या पोरांना आधी वाळू दाखवायचे, मग पिस्तूल.
"पयले दिशा देख. मंग बाकीनं."
आम्ही हसायचो. ते बादलीतली वाळू
दर सोमवारी चाळून घ्यायचे,
जणू तिच्यात भाकरी भाजायची आहे.
"अंगठाले घमंड ऱ्हास, पोरी.
हजारदाव धरस, एकदाव निसटस.
तेनामुये आधी घर खाली कर,
मंग घोडा उतार."

पाण्याच्या टँकरमागे
जनावरांना लोळायला टाकलेला वाळूचा ढीग होता.
तिथवर चालत गेले,
नळी जमिनीकडे, पावलं मोजल्यासारखी,
कुणी वाटेत येऊ नये म्हणून शिपाई रोहिदास पुढे.
अंगठ्याला जेवणातल्या भरिताचं तेल.
तो पँटला पुसला. पुन्हा पुसला.

पलीकडे ट्रकमधून एक शिंगरू उतरवत होते.
फळी लावलेली, तिच्यावर पेंढा.
कुणी ओरडत नव्हतं, दोर ओढत नव्हतं,
एक म्हातारा फक्त त्याच्या पुठ्ठ्यावर हात ठेवून उभा.
शिंगराचा एक पाय खाली यायचा,
थांबायचा, थरथरायचा.

मॅगझिन काढलं, रोहिदासच्या हातात दिलं.
स्लाइड ओढली. गोळी वाळूवर पडली,
पितळी, गरीब दिसणारी.
आत पाहिलं. टॉर्च लावून पाहिलं.
करंगळी घालून पाहिलं, कारण
डोळ्यांना जे हवं असतं तेच दिसतं.
घर खाली.

तरीही नळी वाळूतच.
तरीही अंगठा घोड्यावर, पूर्ण, दाबून,
मग बोट चापावर, जेमतेम,
आणि घोडा सुटला तसा
त्याला सोडून दिलं नाही,
अंगठ्याच्या पोटावर घेऊन
खाली आणला,
एवढ्या सावकाश की रोहिदासनं विचारलं,
झालं का मॅडम?

झालं नव्हतं. मग झालं.
होल्स्टरचं बटण लावलं,
वरून चाचपून पाहिलं. पुन्हा एकदा.

पहाटे वहीत लिहिलं:
काडतुसं नेली दहा, परत दहा.
शेऱ्याच्या रकान्यात: निरंक.
पेन धरलेल्या अंगठ्यावर
घोड्याच्या दातांच्या सहा बारीक रेघा होत्या,
तांबड्या.
चहा येईपर्यंत त्या तशाच होत्या.