लोखंड नको म्हणाला

लोखंड नको, म्हणाला खल्फान.
सुवैकच्या त्या रस्त्यालगत सगळ्यांची फाटकं लोखंडीच,
हिरवी, निळी, वर खंजिरांची नक्षी.
याला लाकडाचं हवं.
का, ते मी विचारलं नाही.
गिऱ्हाइकाला का विचारायचं नसतं,
वादी कबीरच्या आमच्या कारखान्यात
हे पहिल्याच दिवशी शिकवतात.

अकरा वर्षं मी स्वयंपाकघरांची कपाटं करतोय,
दाबलेल्या भुशाच्या फळ्या, वर कागदी सागवान.
शेताचं फाटक जन्मात केलं नव्हतं.
आमच्या राजापूरकडे कुठलं फाटक?
गडग्याला एक खिंड, भोकं पाडलेले दोन खांब,
त्यांत आडवे सरकवलेले चार वासे. झालं बेडं.
माणूस वाकून जातो, म्हैस थांबते.

फळ्या त्यानेच काढून दिल्या.
बापाची होडी मोडली तेव्हाच्या,
तीस वर्षं झावळ्यांखाली पडलेल्या.
रंधा फिरवला तशी वरची राख गेली
आणि तेलकट, पिवळं सागवान वर आलं.
वास ओळखीचा होता.
मी काही बोललो नाही.
सिमेंट घेऊन आलेला रोशन गुल लगेच म्हणाला असता,
उस्ताद, रोता है क्या?

खिळ्यांच्या भोकांभोवती काळे डाग.
लुकण भरू का, मी खुणेने विचारलं.
खल्फानने तोंडाने फुंकर मारून दाखवली:
वारा जाऊ दे.

वाळूत खांब उभा करणं म्हणजे
पाण्यात काठी रोवणं.
हातभर खणलं, कडा आत ढासळल्या. पुन्हा खणलं.
तिसऱ्या हाताला ओल लागली,
रोशन गुलने बोट लावून चाखली आणि थुंकला.
खारट.
शेवटी तेलाचं रिकामं पिंप पुरलं, त्यात खांब,
त्याच्याभोवती सिमेंट, खडी आणि दोघांच्या शिव्या.

ओळंबा वाऱ्यावर ठरेना.
रोशन गुलने दोन्ही तळव्यांचा आडोसा केला,
दिवा विझू नये म्हणून करतात तसा,
तेव्हा कुठे दोरी खरं बोलली.
खांब दोन सूत समुद्राकडे कलला होता.

तिरपी पट्टी खालच्या बिजागरीपासून
वर कडीच्या टोकाकडे न्यायची.
उलटी लावली तर वर्षात फाटक नाक टेकतं.
भिकू मेस्त्रींनी सांगितलं होतं, तेही
देवळाच्या दाराबद्दल, मी चौदा वर्षांचा असताना,
कानाखाली वाजवून.
मेमध्ये समुद्राची वाफ चढते, लाकूड फुगतं,
म्हणून करंगळीएवढी फट सोडली.

चारच्या सुमारास विळा घेऊन शम्सा आली,
खल्फानची बायको. डोळ्यांत दुधाळ पडदा.
रोज ती याच वाटेने बकऱ्यांना लसूणघास कापायला जाते.
चालत आली, पाय मोजत थांबली,
आणि हात पुढे केला,
पण लावला नाही.
आधी बोटाचं टोक. मग दोन बोटं. मग अख्खा तळवा
त्या उन्हात तापलेल्या फळीवर सपाट.
उजव्या तळव्यात आडवा, गुळगुळीत पट्टा होता,
भाजून भरून आलेला,
बरोबर लोखंडी गजाएवढा रुंद.

खल्फान पंपाकडे बघत होता.
मी पटाशी घेतली आणि कडी
चार बोटं खाली आणली, तिच्या हाताच्या उंचीला.

पुढच्या शुक्रवारी फोन.
बकरीने शिंगाने कडी उचलली, अर्धा वाफा साफ.
चार बोटं खाली म्हणजे बकरीचीही सोय,
हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.
दीड तास बस, पुढे टेम्पो.
पैसे घेतले नाहीत, लिंबं घेतली.
कडीत घालायला सागाची एक खुंटी तासली
आणि दोरीने फाटकाला बांधली.
बकरीला खुंटी कळत नाही.
शम्साच्या बोटांना दुसऱ्या खेपेत कळली.

दोरी ओळंब्याची होती.
हाताशी दुसरी नव्हती.