हातचा

तेविता विचारतो, ओल्या चादरी यंत्रातून ओढता ओढता,
"नायरी, खरं सांग, परवडते का गं ती गाडी?"
मी म्हणते, चहाच्या सुट्टीत सांगते.
हे एका वाक्याचं काम नाही.

गाडी चौऱ्याण्णव सालची, फिकट हिरवी दायहात्सू.
इंजिन उपटून तिच्यात मोटर बसवली आल्बी ट्रस्कॉटने,
रेल्वेच्या कारखान्यात जन्म काढलेला फिटर.
काही पुढे, काही मागच्या सीटच्या जागी, मिळून बारा बॅटऱ्या,
प्रत्येकीवर त्याच्या अक्षरात तारीख.
सातवीवर मात्र तारखेखाली एवढंच:
हिच्यावर लक्ष ठेवा.

तो गेल्यावर ऑलिव्हने बेचाळीसशे डॉलरला दिली.
मी घासाघीस केली नाही.
दारात त्याचे बूट अजून तसेच होते.

आता ऐक. मोसगील ते डनीडन सोळा किलोमीटर,
जाऊन येऊन बत्तीस, वर्षाचे दोनशे तीस दिवस.
जुनी गाडी चौदाशेचं पेट्रोल प्यायची.
ही रात्रीच्या दराने सव्वातीनशेची वीज खाते.
इथे थांबले असते तर
लॉन्ड्रीच्या मधोमध नाचले असते मी.

पण रस्त्याचा कर. साडेपाचशे.
पेट्रोलवाले तो घोटाघोटाने भरतात, कळतही नाही,
मी आधी भरते, एकरकमी, आणि काचेवर चिठ्ठी लावते.
उरले सव्वापाचशे.
ऑइल नाही, प्लग नाहीत, सायलेन्सर नाही,
त्याचे धर दोनशे.
आणि बॅटऱ्या चार वर्षांत मान टाकतात,
बारांचे तीन हजार, म्हणजे वर्षाला साडेसातशे.

तेविता बोटांवर मोजतो. पुन्हा मोजतो.
"पंचवीस डॉलर तोटा?"
पंचवीस डॉलर.
मासा-चिप्सचं एक पुडकं, दोघांपुरतं.
"आणि ते बेचाळीसशे?"
ते मी धरलेच नाहीत.

शाळेत बाई ओरडायच्या, हातचा विसरू नका.
मी विसरत नाही.
मी तो मुठीत ठेवते, कागदावर उतरवत नाही.

जूनमध्ये पहाटे चारला ताइएरीच्या मैदानावर
दहिवर कुंपणांवर मिठासारखं बसतं.
गाडीत हीटर नाही. मांडीवर गरम पाण्याची पिशवी,
आणि काच पुसायला डाव्या हातात मोजा.
सॅडल हिलच्या चढावर काटा खाली, खाली,
मागे दुधाचा टँकर दिवे मारतो,
मी त्याला हात करते: जा बाबा, तुला घाई आहे.

तिसऱ्या हिवाळ्यात त्याच चढावर ती बंद पडली.
सातवीच. आल्बीने सांगितलं होतं.
टो-ट्रक येईपर्यंत तासभर बसले.
आवाज असा नव्हताच,
थंड होणाऱ्या तारांची टिकटिक तेवढी.
राग यायला हवा होता. बराच वेळ वाट पाहिली, आला नाही.
नवी सातवी बसवली तेव्हा तारीख मी घातली,
त्याच्यासारखे आकडे काढायला गेले,
पाच जमला, आठ नाही.

"म्हणजे नाही परवडत," तेविता म्हणतो.
नाही.
तो कपात बघत राहतो. मग हळूच,
"माझ्या गाडीचा गिअरबॉक्स गुरुवारी गेला.
आपल्या पाळीला बस नाही."

मी त्याच्याकडे पाहते. खांदे, पोट, ते बूट.
एकशे पाच किलो तरी.
म्हणजे साडेतीन बॅटऱ्या,
आणि त्याही चालत्या नाहीत, बोलत्या.
चढावर पन्नासवर येईल गाडी.
टँकरवाला शिव्या घालील.

पावणेचारला कोपऱ्यावर उभा राहा, म्हणते.
उशीर केलास तर थांबणार नाही.
आणि घोंगडी आण, स्वतःची.