बाकी

पाचशेच्या बाँडवर, औसा रोडच्या टपरीत,
टायपिंगवाल्या पोरानं
लिहून देणार आणि लिहून घेणार
यांची अदलाबदल करून ठेवली होती.
पकडली सिस्टरनंच.
पस्तीस वर्षं सिव्हिलला ड्यूटी,
चार्टवरचा चुकलेला आकडा
सुमित्रा गायसमुद्रेंना झोपेतही टोचतो.

खोल्या बारा. भाडं बेचाळीसशे.
वसुली पाच तारखेला, मला आठ टक्के,
उरलेले त्यांच्या खात्यात, हडपसरला, लेकीकडे.
टँकरचे पैसे पोरांकडून वेगळे.
कलम नऊ: दोन महिने थकले की खोली रिकामी.
"सही कर, मन्मथ," म्हणाल्या,
"आणि पोरांना ओरडू नको, नीटची पोरं हैत."
हे मात्र बाँडवर नव्हतं.

तर, सात नंबर.
टारपे, किनवटकडचा.
वडील डेपोत वाहक, पगार तुकड्यातुकड्यानं.
पाचला गेलो तर दार अर्धं उघडून
पुस्तकात बोट घालून उभा,
पान हरवू नये म्हणून.
"काका, दहापर्यंत."
दहाला पुन्हा तेच बोट, पान मात्र पुढचं.

उपकार वगैरे काही नाही, मी हिशेबाचा माणूस.
फेब्रुवारीत रिकामी झालेली खोली
जूनपर्यंत कोण घेतंय?
म्हणून भरले. माझ्याकडचे.
पन्नास हजार चारशेचे आठ टक्के
चार हजार बत्तीस,
म्हणजे दलाली सगळी सात नंबरात
आणि वर खिशातले एकशे अडुसष्ट.
तीन महिने.
बायकोला सांगितलं, मार्केट थंड आहे.

मग सिस्टरचा फोन.
"शेहेचाळीस हजार तीनशे अडुसष्ट.
तीनदा. येक रुपाया हिकडंतिकडं नाही?
मन्मथ, तिन्ही टायमाला
सारखाच ताप दाखवणारा थर्मामीटर
मी फेकून द्यायचे.
अकरा वर्षं त्या जिन्यानं मी स्वतः चढले,
येकदाबी पुरं जमलं नाही.
कुणाचा टायफॉईड, कुणाची मेस,
कुणी गावाकडं मयतीला.
पुरं जमलं म्हंजी कुणीतरी खोटं बोलायलंय.
कोण?"

मी सांगितलं.
तिकडे कुकरची एक शिट्टी झाली. दुसरी.
"कलम नऊ खोड."
"नोटरी झालंय, सिस्टर, खोडता येत नाही."
"मग बाजूला लिही. समासात.
आमी तसंच लिहायचो:
पेशंट जेवला नाही. खिडकीकडं बघत बसलाय.
डॉक्टर वरचं वाचायचे,
रात्रपाळीवाली समासातलं."

मी म्हणालो, बरं.
"आणि तुझे पैसे महागारी पाठवते.
नको म्हनू नको, तो हिशेब हाय.
पर मला न सांगता भरलास कामून?
त्याच्यापायी आठाचे सात. वर्षभर."
मी म्हणालो, हे कुठल्या कलमात?
"समासात," म्हणाल्या, आणि हसल्या;
पण सात म्हणजे सातच,
पुढच्या महिन्यापासून कापलेच.

आता वहीत अकरा नावांपुढे बरोबरची खूण
आणि सातपुढे एक शब्द.
शेजारी बारीक अक्षरात:
मॉक टेस्टला पाचशे नव्वद.
वडिलांनी हजार पाठवले, मी नऊशे घेतले,
शंभर मेसला राहू दिले.
जिन्यातला बल्ब त्यानंच बदलला.

दर पाचला रात्री नऊला फोन येतो.
जमा किती, ते बँकेनं आधीच कळवलेलं असतं.
त्या विचारतात,
जगात सगळेच फोन ठेवताना विचारतात तसं,
फक्त त्या सुरुवातीला विचारतात:
"बाकी काय?"

मी चष्मा लावतो
आणि वही उजेडात धरतो.