सहावी जागा

पाच ठरलेत.
जनकगंजात रात्रीचा दीड वाजलाय,
हीटरची एक कांडी गेलीय,
आणि संघ बंद व्हायला अर्धा तास उरलाय.

पहिली ज्वालपंखी. ती सगळ्यांनाच हवी असते.
एका झेपेत समोरचं निम्मं मैदान पेटवते
आणि कोणी ओला हात लावला तरी विझते.
म्हणून तिच्या मागे शेवाळ्या.
पाणी आलं की हा पुढे सरकतो, पिऊन टाकतो,
तोंडातून ब्र काढत नाही.
शेवाळ्याला थंडी सोसत नाही.
जानेवारीत ग्वाल्हेरात कोणाला सोसते?
म्हणून लोहटोप, बर्फ ज्याच्या डोक्यावर नुसताच वाजतो.
लोहटोपाला जमीन हलली की घाम फुटतो,
म्हणून धुकट, ज्याचे पाय मुळी जमिनीला लागतच नाहीत.
असं एकाचं दुखणं दुसऱ्याच्या अंगावर घालत घालत
मी वैदिणीपर्यंत आले.
ती कोणाला मारत नाही.
मलम लावते, आणि तिला कोणी मारलं तर
मारणाऱ्याकडे बघत राहते.

गेल्या वर्षी भोपाळला मी सहाही मारकुटे नेले होते.
पहिल्याच फेरीत समोर एक खडक आला.
तो काही करेना. बसून राहिला.
माझे सहाही त्याच्यावर डोकं आपटून आपटून निजले.
परतताना झाशी गेली, दतिया गेलं, मी बोलले नाही.
डबऱ्याला चहा घेताना इमरोज म्हणाला,
मोघे, तुझ्याकडे मारणारे सहा होते,
मार खाणारा एकही नव्हता.
हे तो हिंदीत म्हणाला. मराठीत मी आणलं,
आणि आणताना जरा जास्तच लागलं.
इमरोज नजरबागेत मोबाइल दुरुस्त करतो.
दिवसभर लोकांच्या फुटलेल्या काचा.
कोण कुठे तडकतं, हे त्याला आधी दिसतं.

सहाव्या जागेवर त्याच्या मते वीजमांजर.
आकडे तेच सांगतात. दर तीन संघांत एक वीजमांजर.
मी विजेच्या बिलामागे गणित मांडलंय,
तिथेही तीच येते.

पण डोबा आहे.
नऊ वर्षांची होते, कांजिण्या आलेल्या,
बाबांच्या फोनवर पहिल्याच तळ्यात मला डोबा सापडला.
पोट जमिनीला घासतं, डोळे अर्धे मिटलेले.
वेगाच्या यादीत त्याच्याखाली फक्त एक गोगलगाय,
तीही बहुधा चुकून.
तेरा वर्षं तो पेटीत पडून आहे.
कोणी अदलाबदलीतही घेतला नाही.

आता एक गोष्ट, जी बिलावर मावली नाही.
धुकटाला उलटघडी येते.
ती फिरवली की मैदानावरचा क्रम पालथा:
जो सगळ्यांत हळू, त्याची चाल सगळ्यांत आधी.
फक्त पाच चाली.
त्यानंतर जग पुन्हा घाईवाल्यांचं.

त्या पाच चालींत ज्वालपंखीला बाहेर बसावं लागेल.
धुकटाला आपला एकुलता एक घाव सोडावा लागेल.
वैदिणीला आधी स्वतःला सावरावं लागेल, मग इतरांना.
एका डोब्यासाठी सगळ्यांचंच थोडं थोडं बिघडतं.
याला समतोल म्हणावं का, ठाऊक नाही.
इमरोजला विचारलं तर तो वीजमांजर म्हणेल,
म्हणून विचारत नाही.

आतून आई: अजून कोणाशी भांडते आहेस?
कोणाशीच नाही गं, माणसं निवडतेय.
माणसं? म्हणते, आणि कूस बदलते.

एक अठ्ठावन्न.
मी डोब्यावर बोट ठेवते.
संघ कुलूपबंद. आता बदल नाही.
एकेक जण पडद्यावर येऊन उभा राहतो,
ज्वालपंखी तर येण्याआधीच आलेली.
पाच झाले. सहावी चौकट रिकामी.
फोन अडकला वाटून मी बाहीने काच पुसते.

अडकलेला नाही.
येतोय.