स आधी गेला

सगळ्यात आधी स गेला.
मग श, मग फ,
आणि त्यांच्या मागोमाग
कुकरची शिट्टी, सुपातले पाखडलेले दाणे,
नातवंडांचं खुसुखुसु.
ट्रॅक्टर राहिला. गोऱ्ह्याचं हंबरणं राहिलं.
ग्रामपंचायतीचा भोंगाही राहिला,
त्यातले शब्द सोडून.

मी फोन करायची :
बाबा, मी सुषमा.
कोन उमा?
सुषमा, बाबा, सुषमा.
उमा इथं राहत नाही जी, नंबर चुकला,
म्हणायचे, आणि ठेवून द्यायचे.
अगदी अदबीनं.
आई पहिल्यांदा डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.
नंतर फोन तीच उचलायला लागली.

सव्वीस हंगाम जिनिंगमध्ये, हिंगणघाट रोडवर.
दसऱ्यानंतर पट्टे चढायचे ते उन्हं तापेपर्यंत.
चोवीस रोलर एका ओळीत,
सरकी खाली, रुई पुढे,
मधल्या गल्लीत तेलाची झारी घेऊन बाबा.
घरी यायचे तेव्हा भुवया पांढऱ्या.
भाकर मोडता मोडता म्हणायचे,
आज कानात रातकिडे बसले.
सकाळपर्यंत उडून जायचे ते.
मग दुपारपर्यंत थांबायला लागले.
एका वर्षी जिन बंद झाली,
किडे गेलेच नाहीत.

एकदा रुईचे बोळे घातले होते कानात
तर मुकादम अंगावर आला :
काढ ते, हाका मारल्या तं आयकू येत नाही तुले.

आयकू येते, बाबा म्हणतात, समजत नाही.
या दोन वेगळ्या गोष्टी असतात
हे आमच्या घरात कुणाच्या लक्षात आलं नाही,
आमचे कान शाबूत असून.

म्हणून त्यांनी हो धरून ठेवला.
हो म्हटलं की माणूस पुढं सरकतो.
समोरचा हसला की हसायचं, जरा उशिरानं.
शालिकमामाच्या तेरवीला
पंगतीत कुणी तरी विचारलं,
शेवटी लय हाल झाले का जी?
हो हो, बाबा म्हणाले, मस्त झालं,
बुंदी तं एक नंबर.
वाढणाऱ्याचा हात तसाच राहिला.
त्यानंतर पानठेल्यावरच्या बाकावर
त्यांची जागा काही दिवस रिकामी होती,
मग तिथं दुसरं कुणी बसायला लागलं.

वर्ध्याला नेलं मी. काचेची खोली,
कानांवर डबडी, हातात बटण.
आवाज आला की दाबा.
मी बाहेरून बघत होते, बाबा दाबत होते,
बराच वेळ, नेमानं.
मशीनवरची पोरगी उठून आली.
म्हणाली, मी मघापासून काही सोडलंच नाही.
विचारलं तर म्हणाले,
बिचारी किती वाट पाहून रायली होती.

कागदावर रेघ : डावीकडे बरी चाललेली,
मग नाल्यात उतरलेली.
कानाच्या आत बारीक केस असतात, ती म्हणाली,
आवाजानं आडवे होतात.
वाऱ्यात ज्वारी झोपते तसे? मी म्हटलं.
ज्वारी उठते कधी कधी, ती म्हणाली.
आणि हो, कापसानं काही अडलं नसतं,
त्यातून आवाज जातोच.
म्हणजे इतकी वर्षं मुकादमाला दिलेल्या शिव्या
तेवढ्या वाया.

मशीन लावून घरी आलो.
चुलीपाशी आई सवयीनं ओरडली,
जेवाले चला!
बाबा दचकले. हात कानाकडे.
मग बघत राहिले तिच्याकडे :
मानेच्या शिरा ताणलेल्या, कपाळ आकसलेलं,
हाच चेहरा, नऊ वर्षं.

म्हंजे जेवाले बोलावत होती काय तू?
मले वाटे, रोज माह्यं काही तरी चुकते.

आई काही बोलली नाही.
हळू कसं बोलतात ते तिला आठवेना.
वरण वाढताना ओठ दोनदा हलवले,
मग म्हणाली, मीठ?

हो, बाबा म्हणाले.

आता त्यांना मीठच हवं होतं
की जुनाच हो होता तो,
मी विचारलं नाही.
बरणी पुढं सरकवली.