एकास पाचशे

तुर्भ्याच्या एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडखाली
आम्ही शहरं कापतो.
प्रमाण एकास पाचशे.
ॲक्रिलिक, फोमबोर्ड, सुपरग्लू, आणि दुपारी अडीचला गेलेली लाइट.

कुरियन सर फोटो पाठवतात:
हे शांघाय, हे सिंगापूर,
नेरुळच्या खाडीवर असं काहीतरी उभं राहू दे.

असं काहीतरी म्हणजे काय
ते इम्तियाजला विचारावं.
लेझर कटरवर बसायच्या आधी नऊ वर्षं
तो दोरावर लोंबकळून
देशोदेशीच्या टॉवरांना काचा बसवत होता.

हाँगकाँग? परांची बांबूची, आपल्यासारखीच,
नुसती चाळीस मजले वर.
मागे डोंगर, हिरवागार, अख्खा.
सोलमध्ये इमारतींच्या कुशीवर ढब्बे आकडे,
एकशे तीन, एकशे चार,
आपलं सेक्टर दहाच म्हण,
फक्त खिडकीत गोधडी वाळत नाही.
शांघाय आठवत नाही रे. धुकं होतं.
काच पुसायची, तर पलीकडे काच.

आणि बँकॉकात, म्हणतो,
टॉवरच्या आवारात कोपऱ्यात एक घर देतात,
देव्हाऱ्याएवढं, खांबावर,
जागेच्या मूळ राखणदाराला.
त्याची होती ना जमीन आधी.

साडेबारा टक्के? मी विचारलं.
तो इतका हसला की
बाराव्या मजल्याची बाल्कनी वाकडी कापली गेली.

आमची माणसं पाकिटातून येतात, शंभराच्या हिशेबाने,
उंची साडेतीन मिलिमीटर.
सूटवाला, बॅगवाला, कुत्रा फिरवणारी.
मी एकदा सुईच्या टोकाने एक बाई केली
डोक्यावर टोपली दिलेली,
आणि जेटीवर चिकटवली.
सरांनी नखाने उडवली.
कचरा राहिलाय इथे, म्हणाले.

पारसिकचा डोंगर थर्मोकोलचा.
खाणीने खाल्लेली बाजू मी भिंतीकडे करतो.

परवा आबा आला दिवाळ्याहून,
डब्यात सुकटीची चटणी.
टेबलाभोवती एक चक्कर मारली,
दिवे लावून दाखवले तेव्हा मान हलवली, बोलला काही नाही.
मी सांगत होतो, याला स्कायलाइन म्हणतात,
प्रत्येक शहराची वेगळी असते, सहीसारखी.

आबाला मी काय सांगणार.
अंधारात खाडीतून परतताना
पारसिकचं टोक आणि देवळाचा कळस
एका रेषेत आले की उजवीकडे वळायचं,
कळस सुटला तर खाली खडक:
ही सही त्याने हाडात गिरवलेली.
मग डोंगराचं टोक गेलं.
मग कळस टॉवरमागे गेला.
दोन वर्षं तो चाचपडत आला घरी.
आता एका टॉवरच्या गच्चीवरचा लाल दिवा धरतो,
आणि बिल्डरने बिल भरलं नाही
त्या महिन्यात जातच नाही.

तर आबा उकिडवा बसला,
डोळे टेबलाच्या कडेशी, निळ्या ॲक्रिलिकच्या पाण्याशी आणून.
एक डोळा मिटला.
माझे बत्तीस टॉवर त्याने
एकामागे एक लावून पाहिले,
थोडं डावीकडे सरकला, पुन्हा पाहिलं.
इम्तियाजने मशीन बंद केलं.

हितशी होरी घातलीस, आबा म्हणाला,
त गालान रुतंल.